रुग्णालयात जडणारा जंतुसंसर्ग : अतिदक्षता विभागापुढील एक गंभीर प्रश्न

रुग्णालय हे व्याधीपासून मुक्त होण्याचे स्थान होय, अशी समाजाची श्रद्धा असते आणि ती सार्थही आहे. तथापि, एका व्याधीवरील उपचारांसाठी दाखल झालेल्या रुग्णास रुग्णालयातच दुसरी व्याधी जडावी, असे प्रसंग घडतात आणि ते विरळा नाहीत.

अशी कल्पना करावी, की अपघातात डोक्यास मार लागलेला एक तरुण शेतकरी जिल्ह्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभागात दाखल झाला आहे. शस्त्रक्रिया यशस्वी होते. तिसऱ्या दिवशी तो डोळे उघडतो, हाक मारल्यावर बोटे हलवितो. घरच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. परंतु सहाव्या दिवशी त्यास थंडी वाजून ताप भरतो, श्वासनलिकेतील नळीतून दाट, हिरवट स्राव येऊ लागतो आणि रक्तदाब उतरू लागतो. एकामागून एक औषधे बदलली जातात. बाहेर बसलेल्या नातेवाईकांना एवढेच कळते, की ‘इन्फेक्शन झाले’. मेंदूच्या दुखापतीतून वाचलेला रुग्ण फुप्फुसाच्या संसर्गाशी झगडू लागतो आणि हा झगडा प्रत्येकालाच जिंकता येत नाही.

‘इन्फेक्शन झाले’ या शब्दांनी एखादी दैवी आपत्ती ओढवल्याचा भास होतो. वस्तुस्थिती तशी नाही. हे जंतू कोणते, ते कोठून येतात आणि कोणत्या वाटेने रुग्णाच्या शरीरात शिरतात, हे आता पुष्कळ अंशी ज्ञात झाले आहे. वाटा ठाऊक असल्यामुळे त्या अडविणेही शक्य आहे. त्यांतील काही वाटा रुग्णालयाच्या भिंतीआड आहेत, तर काहींचा आरंभ थेट गावातून होतो. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांचा राहत नाही.

व्याख्या आणि व्याप्ती

रुग्णालयात दाखल होतेवेळी जो संसर्ग रुग्णाच्या शरीरात नव्हता किंवा सुप्तावस्थेतही नव्हता आणि जो दाखल झाल्यानंतर साधारणतः ४८ तास उलटल्यावर प्रकट होतो, त्यास रुग्णालयजन्य संसर्ग असे म्हणतात. शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग रुग्ण घरी परतल्यानंतरही, साधारणपणे ३० दिवसांपर्यंत, उद्भवू शकतो. त्याचीही गणना याच प्रकारात होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तातडीचे व तीव्र स्वरूपाचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी संपन्न देशांत ७ जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना किमान एक तरी रुग्णालयजन्य संसर्ग होतो. असा संसर्ग झालेल्यांपैकी सरासरीने दहांतील एक रुग्ण दगावतो.

अतिदक्षता विभागातील चित्र याहून गंभीर आहे. १३ सप्टेंबर २०१७ या एकाच दिवशी ८८ देशांतील सुमारे १,१५० अतिदक्षता विभागांची पाहणी करण्यात आली. त्या दिवशी तेथे असलेल्या १५ हजारांहून अधिक रुग्णांपैकी ५४ टक्के रुग्णांना कोणता ना कोणता संसर्ग झालेला होता. त्यांतील काहींचा संसर्ग घरून आलेला होता, हे खरे. परंतु संसर्गबाधितांपैकी २२ टक्के रुग्णांना तो अतिदक्षता विभागातच जडला होता. भारतातील ७ शहरांमधील १२ अतिदक्षता विभागांचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात १०,८३५ रुग्णांची नोंद होती. त्यांपैकी कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांत दर १,००० यंत्र-दिवसांमागे न्यूमोनियाचे १० हून अधिक प्रसंग आढळून आले होते.

संसर्ग झालेल्या रुग्णाचा मुक्काम वाढतो, खर्च वाढतो आणि खाट अडून राहिल्याने दुसऱ्या गरजू रुग्णास जागा मिळत नाही. अल्पभूधारक कुटुंबासाठी असे आणखी दोन आठवडे म्हणजे एखादे जनावर किंवा जमिनीचा तुकडा विकण्याची वेळ ठरू शकते.

व्हिएन्ना येथील धडा

या प्रश्नाचे मूळ पाऊणदोनशे वर्षांपूर्वीच एका तरुण डॉक्टरने शोधले होते. इग्नाझ सेमेलवाइस हे व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती विभागात काम करीत. तेथे दोन कक्ष होते. पहिल्या कक्षात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, तर दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या कक्षात बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण ११.४ टक्के होते. दुसऱ्यात ते अवघे २.८ टक्के होते. आपणास पहिल्या कक्षात ठेवू नये, म्हणून स्त्रिया काकुळतीने विनवण्या करीत.

१८४७ साली सेमेलवाइस यांचे एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मृत्यू पावले. त्यांच्या शरीरात दिसून आलेल्या खुणा सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या खुणांसारख्याच होत्या. सेमेलवाइस यांस उलगडा झाला. विद्यार्थी शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूती कक्षात येत आणि त्यांच्या हातांबरोबर मृत्यू येई. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली पहिल्या कक्षातील मृत्यूचे प्रमाण १.३ टक्क्यांच्या आसपास खाली आले.

जंतूंमुळे रोग होतो, हा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झाला नव्हता. आपल्याच हातांनी रोगी मरतो, हे मान्य करणे डॉक्टरांच्या प्रतिष्ठेला रुचले नाही. सेमेलवाइस उपेक्षित राहिले आणि १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यांचे निधन झाल्यावर अल्पावधीतच, १८६७ साली, जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने शस्त्रक्रियेतील जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हात हेच संसर्गाचे प्रमुख वाहन आहे, ही गोष्ट आज कोणी नाकारीत नाही. अडचण आहे ती ज्ञानाची नव्हे, आचरणाची.

अतिदक्षता विभागातच धोका अधिक का?

अतिदक्षता विभागाची कल्पना १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरी आलेल्या पोलिओच्या साथीतून साकार झाली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवून, शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने रबरी पिशवी दाबत त्यांना श्वास पुरविला. गंभीर रुग्ण एकत्र ठेवावेत आणि त्यांच्यावर अहोरात्र लक्ष ठेवावे, ही पद्धत त्यानंतर जगभर रूढ झाली. असंख्य प्राण तिने वाचविले. परंतु प्राण वाचविणारी साधनेच जंतूंना मार्गही करून देतात.

निरोगी माणसाच्या शरीराला निसर्गाने तटबंदी दिलेली आहे. त्वचा जंतूंना आत येऊ देत नाही. खोकला आणि श्वासमार्गातील सूक्ष्म केस फुप्फुसांचे रक्षण करतात. मूत्राचा प्रवाह मूत्रमार्ग धुऊन काढतो. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या बाबतीत या तिन्ही ठिकाणी तटाला खिंडार पडलेले असते.

पहिले खिंडार श्वासनलिकेतील नळीचे. नळीमुळे रुग्णास खोकता येत नाही. तोंडातील व घशातील लाळ नळीभोवतीच्या फुग्याच्या वर साचते आणि थेंबाथेंबाने फुप्फुसात झिरपते. दुसरे खिंडार मोठ्या शिरेत बसविलेल्या नळीचे. औषधे, सलाईन व पोषक द्रव्ये देण्यासाठी ती आवश्यक असते. परंतु तिच्या वाटेने शिरलेला जंतू थेट रक्तात पोहोचतो. तिसरे खिंडार मूत्रनलिकेचे. ही नळी आत असेपर्यंत दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या मूत्रात जंतूंचा नव्याने शिरकाव होतो. म्हणजेच नळी जितके दिवस अधिक, तितका धोका अधिक.

या नळ्यांच्या पृष्ठभागावर जंतू एक बुळबुळीत थर तयार करतात. विहिरीच्या पायरीवर धरणाऱ्या शेवाळासारखा हा थर असतो. त्याच्या आडोशाला राहिलेल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. अशा वेळी नळी काढून टाकणे हाच बहुधा खरा उपाय ठरतो.

यात भर पडते ती रुग्णाच्या क्षीण झालेल्या प्रतिकारशक्तीची आणि स्पर्शांच्या संख्येची. अतिदक्षता विभागातील एका रुग्णास दिवसभरात परिचारिका, डॉक्टर, तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी अशा अनेकांचे हात वारंवार लागतात. तेच हात क्षणापूर्वी शेजारच्या खाटेवर असण्याचा संभव असतो.

कारणीभूत जिवाणू

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली रंगद्रव्यांच्या साहाय्याने जिवाणू ओळखण्याची पद्धत शोधली. जे जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात ते ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह’ आणि जे तो सोडून देऊन गुलाबी दिसतात ते ‘ग्रॅम-निगेटिव्ह’. दुसऱ्या गटातील जिवाणूंना बाहेरून एक जादा आवरण असते, त्यामुळे अनेक औषधे त्यांच्या आत शिरू शकत नाहीत. भारतातील अतिदक्षता विभागांत याच गटाचे प्राबल्य आढळते. प्रमुख जिवाणूंचा परिचय पुढीलप्रमाणे देता येईल.

असिनेटोबॅक्टर बाउमानी : या जिवाणूच्या नावाचा अर्थच ‘न हलणारा’ असा आहे. स्वतः हलत नसला, तरी इतरांच्या हातांवरून तो सर्वत्र पोहोचतो. कोरड्या पृष्ठभागावर तो कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, तग धरून राहतो. खाटेचे कठडे, यंत्रांची बटणे, पडदे, रक्तदाब मोजण्याचा पट्टा ही त्याची आश्रयस्थाने होत. श्वसनयंत्रावरील रुग्णांत न्यूमोनिया निर्माण करणाऱ्या जिवाणूंत त्याचे स्थान वरचे आहे.

क्लेबसिएला न्यूमोनिई : हा अनेक माणसांच्या आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहतो. परंतु आतड्याबाहेर पडून फुप्फुसात, रक्तात किंवा मूत्रमार्गात शिरताच घातक ठरतो. औषधांना निष्प्रभ करणारी जनुके मिळविण्यात व वाटण्यात तो विशेष तरबेज आहे. नवजात बालकांच्या दक्षता कक्षांतही त्याचा उपद्रव मोठा आहे.

स्यूडोमोनास एरुजिनोसा : हा ओलाव्याचा सोबती. हात धुण्याची बेसिने, सांडपाण्याची तोंडे, ओली पोतेरी, ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटल्यांतील शिळे पाणी अशा ठिकाणी तो वाढतो. त्याच्या निळसर-हिरव्या रंगद्रव्यामुळे पुवाला तशीच छटा येते. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांत तो प्रकर्षाने आढळतो.

ई. कोलाय : हाही आतड्यातील रहिवासी असून मूत्रनलिकेमुळे होणाऱ्या संसर्गात त्याचा वाटा मोठा आहे. अनुकूल परिस्थितीत तो दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. या गतीने वाढ अखंड चालू राहिल्यास एका जिवाणूपासून ८ तासांत दीड कोटीहून अधिक जिवाणू निर्माण होतील. सायंकाळची एक चूक सकाळपर्यंत केवढे रूप धारण करू शकते, हे यावरून ध्यानी येईल.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस : हा ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. सुमारे ३० टक्के निरोगी लोकांच्या नाकात तो वास्तव्य करून असतो. जखमा व शिरेतील नळ्या यांवाटे तो रक्तात उतरतो.

यांच्या जोडीला एन्टरोकॉकस हा जिवाणू आणि कॅन्डिडा जातीच्या बुरशी यांचाही उल्लेख करावयास हवा. प्रतिजैविकांच्या प्रदीर्घ वापराने शरीरातील उपकारक जिवाणू नष्ट झाले, की बुरशीला रान मोकळे मिळते.

औषधांना न जुमानणारे जंतू

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावला. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनीच असा इशारा दिला होता, की औषध अपुऱ्या मात्रेत घेतले गेल्यास जंतू मरणार नाहीत, उलट ते औषधाला तोंड देण्यास शिकतील. हा इशारा लवकरच खरा ठरला. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर उपाय म्हणून मेथिसिलिन हे औषध बाजारात आल्यानंतर अल्पावधीतच, १९६१ साली, त्यालाही न जुमानणारा जिवाणू इंग्लंडमध्ये आढळला.

जिवाणूंची ही क्षमता कशी निर्माण होते, हे समजून घेणे उद्बोधक आहे. काही जिवाणू औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करतात, काही औषध आत येण्याची दारे बंद करतात, तर काही आत आलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकतात. या क्षमतेची जनुके अनेकदा सुट्या वर्तुळाकार तुकड्यांवर असतात आणि एका जातीचा जिवाणू ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूस देऊ शकतो. प्रतिजैविक दिले, की दुबळे जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. औषधाचा प्रत्येक अनावश्यक वापर म्हणजे चिवट वाणाची केलेली निवडच होय. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारल्यास किडी त्यास सरावतात, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही.

गंभीर संसर्गात राखून ठेवलेली कार्बापेनेम वर्गातील औषधेही आता अनेकदा निष्प्रभ ठरत आहेत. ती तोडणारे एक विकर २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णात आढळले. हा रुग्ण त्यापूर्वी भारतात उपचार घेऊन गेला होता. विकराला ‘एनडीएम-१’ असे नाव देण्यात आले. नावात नवी दिल्लीचा उल्लेख असल्याने वादही झाला. परंतु नावाचा वाद बाजूस ठेवला, तरी प्रश्न शिल्लक राहतो. मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने २००९ साली तपासलेल्या, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ जिवाणूंत हेच विकर आढळून आले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ साली उभारलेल्या देखरेख जाळ्याच्या अलीकडील अहवालांवरून, असिनेटोबॅक्टरच्या नमुन्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक नमुने या औषधांना जुमानीत नाहीत, असे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली आणि पुन्हा २०२४ साली केलेल्या यादीत या जिवाणूस सर्वांत चिंताजनक गटात स्थान दिले आहे.

अशा वेळी डॉक्टरांच्या हाती कोलिस्टिनसारखी जुनी औषधे उरतात. मूत्रपिंडास अपाय होतो, म्हणून हे औषध पूर्वी मागे पडले होते. आज नाइलाजाने ते पुन्हा वापरावे लागते. कोंबड्या व अन्य पशूंच्या खाद्यात त्याचा सर्रास वापर होऊ नये, म्हणून केंद्र शासनाने २०१९ साली त्यावर बंदी घातली, ती याच कारणास्तव.

उपाय साधे, शिस्त कठीण

संसर्ग टाळता येतो, याचा एक उल्लेखनीय दाखला अमेरिकेतील मिशिगन राज्याने घालून दिला. तेथील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पीटर प्रोनोव्होस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच गोष्टींचा आग्रह धरला. शिरेत नळी बसविण्यापूर्वी हात धुणे. टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे घालून रुग्णाचे संपूर्ण अंग निर्जंतुक कापडाने झाकणे. त्वचा क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ करणे. शक्यतो जांघेतील शीर टाळणे. आणि गरज संपताच नळी काढून टाकणे. यांत नवे यंत्र नव्हते, नवे औषधही नव्हते. मात्र एक गोष्ट खरोखर नवी होती. पाचांपैकी एखादी पायरी वगळली जात आहे असे दिसल्यास डॉक्टरला तेथेच थांबविण्याचा अधिकार परिचारिकेस देण्यात आला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १८ महिन्यांत या प्रकारचे रक्तसंसर्ग सुमारे दोन-तृतीयांशाने घटले आणि निम्म्याहून अधिक विभागांत ते शून्यावर आले.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग निश्चित केले आहेत : रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, नळी बसविणे, मलमपट्टी यांसारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा अन्य स्रावांशी संपर्क येण्याचा संभव असल्यास त्यानंतर, रुग्णास स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. अल्कोहोलयुक्त द्रव २० ते ३० सेकंद चोळणे पुरेसे असते. साबण व पाणी वापरल्यास सर्व मिळून ४० ते ६० सेकंद लागतात. हात दिसण्याइतपत मळलेले असल्यास साबण व पाणीच वापरावे. हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज संपते, हा समज चुकीचा आहे. एकाच मोज्यांनी दोन रुग्णांना हात लावणे हे न धुतलेल्या हातांइतकेच घातक होय.

याखेरीज, श्वसनयंत्रावरील रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, त्याच्या तोंडाची नियमित स्वच्छता करणे, प्रत्येक नळीची आज गरज आहे काय याचा दररोज विचार करणे, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचा व स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत पाठविणे आणि अहवाल येताच औषध नेमके करणे, या बाबी तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

प्रशासनाने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. श्वसनयंत्रावरील एका रुग्णामागे एक परिचारिका असणे इष्ट मानले जाते. एकाच परिचारिकेवर चार-पाच गंभीर रुग्णांचा भार पडला, तर दोन खाटांमधील वाटेत हात धुण्याचे अर्धे मिनिट प्रथम गळते. परिचारिकेचे रिक्त पद, बंद पडलेला नळ, संपलेला साबण यांची नोंद कागदावर क्षुल्लक भासते. परंतु तिचे मोल रुग्णास चुकवावे लागते.

शासकीय उपाययोजना

केंद्र शासनाने २०१५ साली सार्वजनिक रुग्णालयांतील स्वच्छता व संसर्ग नियंत्रण यांस उत्तेजन देण्यासाठी ‘कायाकल्प’ योजना सुरू केली. तीत निकषांनुसार गुण देऊन पुरस्कार दिले जातात. जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांनुसार वर्गीकरण करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. प्रतिजैविकांच्या प्रतिरोधास आळा घालण्यासाठी २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा तयार करण्यात आला आणि संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०२० साली प्रसिद्ध झाली.

औषधविक्रीच्या संदर्भात ‘अनुसूची एच-१’ १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तीत समाविष्ट असलेली प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे प्रमाण यांची नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे आवश्यक आहे. औषधाच्या पाकिटावरील उभी तांबडी रेघ म्हणजे चिठ्ठीविना हे औषध घेऊ नये, याची खूण होय. नियम आहेत, त्यांचे पालन मात्र ग्राहक आणि विक्रेता या दोघांवर अवलंबून राहते.

गावाचा वाटा

अतिदक्षता विभाग शहरात असला, तरी तेथील चिवट जंतूंचा इतिहास अनेकदा गावात घडलेला असतो. साध्या सर्दी-पडशावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, कारण ते बहुधा विषाणूंमुळे होते. तरीही दोन-चार गोळ्या दुकानातून आणून घेणे, बरे वाटताच उरलेल्या ठेवून देणे आणि पुढे त्या शेजाऱ्यास देणे, हे प्रकार सर्रास चालतात. दूध वा अंडी वाढावीत म्हणून जनावरांना विनाकारण प्रतिजैविके देणे हाही त्यातलाच प्रकार. अशा सवयींनी गावातील माणसांच्या आतड्यांतच प्रतिरोधी जिवाणू वाढतात आणि त्यांतील एखाद्यास रुग्णालयात जावे लागले, की ते त्याच्याबरोबर जातात.

पंचायत सदस्यांना या बाबतीत पुष्कळ करता येण्याजोगे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास वाहते पाणी आहे काय, प्रसूतिगृहातील बेसिनाचा नळ कोपराने उघडता येतो काय, साबण उपलब्ध आहे काय, कचरा वेगळा केला जातो काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्यांनी समक्ष जाऊन पाहावीत. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आधी नळदुरुस्तीचा विषय यावा. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने औषधांच्या योग्य वापराविषयी घरोघरी माहिती द्यावी.

शिक्षकांना एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. दोन विद्यार्थ्यांच्या हातांना थोडे तेल व कोळशाची बारीक पूड चोळावी. एकाने नुसत्या पाण्याने, तर दुसऱ्याने साबणाने एक मिनिट हात धुवावेत. नंतर अंगठ्याचे मूळ, बोटांच्या बेचक्या व नखे निरखून पाहावीत. काळेपणा जेथे उरतो, तेथेच जंतूही उरतात, हे व्याख्यानाविनाच मुलांच्या मनावर ठसेल.

रुग्णास भेटावयास जाणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावयास हवीत. एका वेळी एकानेच आत जावे. जाताना व येताना हात स्वच्छ करावेत. खाटेवर बसू नये. नळ्यांना, यंत्रांना अथवा शेजारच्या रुग्णास स्पर्श करू नये. सर्दी, खोकला वा ताप असल्यास भेट टाळावी. श्रद्धेपोटी अंगारा लावण्याची किंवा तीर्थ पाजण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. तथापि, शुद्धीवर नसलेल्या रुग्णाच्या मुखात घातलेला चमचाभर द्रवही फुप्फुसात उतरू शकतो. प्रार्थना बाहेर बसूनही करता येते. ‘ही नळी आजही आवश्यक आहे का?’ आणि ‘हात धुतले आहेत ना?’ हे दोन प्रश्न नातेवाईकांनी नम्रपणे विचारल्यास त्यात कोणाचाही अवमान नाही. डॉक्टरांनी व परिचारिकांनीही ते सहकार्य समजून स्वीकारावेत.

अतिदक्षता विभागात जडणारा प्रत्येक संसर्ग टाळता येईलच, असे नाही. रुग्ण अतिशय क्षीण असतो आणि नळ्यांवाचून त्याचा निभाव लागत नाही. परंतु मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे, हे व्हिएन्नाच्या प्रसूती कक्षापासून मिशिगनच्या अतिदक्षता विभागांपर्यंत पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. आरंभी उल्लेखिलेल्या तरुण शेतकऱ्याचा अपघात कोणास टाळता आला नसेल. सहाव्या दिवसाचा ताप मात्र कदाचित टळला असता. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे पाणी, साबण, अल्कोहोलयुक्त द्रव, पुरेशी माणसे आणि औषधांच्या बाबतीतील संयम. यांपैकी एकही साधन आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. ते प्रत्येक खाटेपाशी, प्रत्येक पाळीत उपलब्ध राहील, एवढी दक्षता मात्र रुग्णालय, प्रशासन आणि गाव यांनी मिळून घ्यावयास हवी.